शून्य दिलेली जागा

बाबा हरवले त्या हिवाळ्यात मी ऑफिसात बेझियन संख्याशास्त्र शिकत होते. हौसेने नव्हे. आमच्या सरकारी कंपनीच्या गोमती नगरमधल्या कार्यालयात हुकूम आला होता, की आकड्यांचं काम करणाऱ्या प्रत्येकाने प्रोग्रॅमिंग शिकायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणानंतर आम्ही अकरा जण तिसऱ्या मजल्यावर जमायचो. माझं वय सेहेचाळीस, शिकवणारा तिशीतला. इथलाच, लखनौचा, त्यामुळे चूक दाखवण्याआधी माफी मागायचा. “मैम, बुरा न मानें तो एक कॉमा छूट गया है.”

फळ्यावरचं सूत्र माझ्या डोक्यात शिरत नसे. त्याला ते कळलं असावं. तो म्हणाला, सूत्र राहू द्या, करून बघा. आधी शक्यतांची यादी करा. प्रत्येकीसमोर ती तुम्हाला आज किती खरी वाटते तो आकडा लिहा. मग काही नवं दिसलं, की ती शक्यता खरी असती तर असं दिसण्याचा संभव किती होता, तेवढ्याने गुणा. शेवटी सगळ्यांची बेरीज पुन्हा एक येईल असा भागाकार करा. “बस, इतनी सी बात है.” खरंच चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम होता. तो पहिल्यांदा चालला तेव्हा मी शेजारच्या बाईंना कोपराने ढोसून दाखवला.

घरी सराव करायचा म्हणून मी मटार घेतला. आम्ही विकास नगरात राहतो. पुढे छोटा व्हरांडा आहे, थंडीत रविवारी तिथे ऊन येतं. दोन सब्जीवाल्यांकडून मटार आणला होता, चौकातल्याच्या शेंगा बऱ्याचदा किडक्या निघायच्या, मंडईतल्याच्या कमी. पिशव्या सारख्याच होत्या आणि कुठली कुणाची ते मी विसरले होते. बाबा उन्हात बसून शेंगा सोलत होते आणि मी लॅपटॉप मांडीवर घेतला होता.

“काय करून राहिली?” त्यांनी विचारलं.

“ही पिशवी कुणाची ते कॉम्प्युटरला विचारतेय.”

“त्याले काय माहीत? त्यानं कुठं मटार खाल्ला?”

मी म्हटलं, तुम्ही नुसतं सांगा, शेंग चांगली की किडकी. ते एकेक शेंग उघडून सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. दर शेंगेबरोबर आकडा हलायचा. दोन किडक्या निघाल्या की चढायचा, चांगली निघाली की थोडा उतरायचा. वीसेक शेंगांनंतर तो चौकातल्याकडे इतका झुकला, की पुढे सोलायची गरजच उरली नाही.

बाबा हसले. “हे तर आम्ही रोज करत होतो.”

बाबा टेलिफोन खात्यात होते. वर्ध्याहून बदली होऊन लखनौला आले, तेव्हा मी बालवाडीतही गेले नव्हते. लाइनमन म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. केबल बिघडली की रस्ता कुठे खोदायचा हे ठरवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. ते सांगू लागले, “फॉल्ट आला म्हणून लगेच खोदायले नाही घ्यायचं. मागच्या पावसात कोणता जोड भिजला होता, सडकेचं काम कुठं चालू आहे, ते पहिले आठवायचं. तो जोड उघडायचा. तिथं नाही सापडला तर पुढं जायचं. पण पहिल्या जोडाले पूर्ण सोडून नाही द्यायचं. फॉल्ट कधी कधी डोळ्यासमोर असते अन् माणसाले दिसत नाही.”

एवढं सलग ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. जेवले की नाही ते विसरत. माझ्या मुलीला कधी माझ्या नावाने हाक मारत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. त्यांच्या खादीच्या शर्टाच्या खिशात आमचे फोन नंबर लिहिलेलं कार्ड मी ठेवलं होतं.

पुढच्या शुक्रवारी वर्गात नवा सराव आला. तळ्यात एक नाव बुडाली आहे, तळ्याचे शंभर चौकोन करा, प्रत्येकाला आकडा द्या, एकेक चौकोन शोधा. सापडली नाही तर त्या चौकोनाचा आकडा कमी होतो आणि बाकीच्यांचे थोडे थोडे वाढतात. मी हे सोमवारी घरी पडद्यावर रंगीत करून बाबांना दाखवलं. लाल म्हणजे नाव असण्याचा संभव जास्त, पांढरा म्हणजे जवळजवळ नाही. तीन दिवस संध्याकाळी चहाच्या वेळी ते बोट ठेवून चौकोन निवडत आणि मी बटण दाबत असे. आदल्या दिवशीचं त्यांना काही आठवत नसे. मी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायची. ते रोज नव्याने शिकत, आणि त्यांना सांगता सांगता मला तो विषय पक्का येऊ लागला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, अकराच्या सुमारास मुलीचा फोन आला. तिची बारावीची तयारीची सुट्टी होती, ती घरीच होती. “मम्मी, आजोबा घर पे नहीं हैं. मैंने पूरी गली देख ली.”

मी घरी पोचले तेव्हा ती फाटकात उभी होती, पायात स्वयंपाकघरातल्या चपला. बाबांचा खादीचा शर्ट खुंटीवर होता, कार्डासकट. ते जुना चौकड्यांचा शर्ट आणि राखाडी स्वेटर घालून गेले होते. शाल घेतली नव्हती. आम्ही पार्क पाहिलं, दूधवाल्याकडे विचारलं, पेन्शनची बँक पाहिली, बुद्धविहारात गेलो. पोलीस चौकीत तक्रार लिहिली. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. दिवस मावळला तसं धुकं उतरलं आणि रस्त्यावर माणूस ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा गोरखपूरहून आला, त्याची बँकेची नोकरी तिथे आहे. तो स्कूटर काढत होता तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला ते विचित्र वाटलं असेल. पण रात्रभर मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरले होते आणि मला हाताला काहीतरी काम हवं होतं. शिवाय मला खरंच वाटत होतं, की हे मला येतं. तळ्याच्या जागी मी विकास नगरचा नकाशा घेतला. आमचं घर मध्यभागी ठेवलं, चारी बाजूंना पाच-पाच किलोमीटर, शंभर चौकोन. बाबांचे गुडघे दुखायचे म्हणून लांबच्या चौकोनांना लहान आकडे दिले. विहार, पार्क, बँक, त्यांचं शेवटचं ऑफिस, या जागांना मोठे.

मुलगी पाठीमागे उभी होती. “और ग्रिड के बाहर?”

“बाहेर कसे जातील? गुडघे बघितलेस ना त्यांचे.”

तिने नकाशाच्या खालच्या कडेला बोट ठेवलं. “नानी वाला क्वार्टर? सरोजिनी नगर में?”

हे सांगितलं पाहिजे. लखनौला आल्यावर आम्ही पहिली दहा वर्षं सरोजिनी नगरात, कानपूर रोडच्या आत, खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझी आई तिथेच गेली. कावीळ झाली होती, तीन आठवड्यांत संपली. मी तेरा वर्षांची होते. बाबांनी महिन्याभरात शहराच्या दुसऱ्या टोकाला बदली मागून घेतली, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या क्वार्टरचा विषय निघाला नाही. मुलीने त्याच्याबद्दल वर्ध्याच्या नातेवाइकांकडून ऐकलं असावं. विमानतळावर कुणाला सोडायला जायचं झालं तर ते गाडीवाल्याला लांबून न्यायला सांगत, कानपूर रोड नको म्हणत.

मी मुलीला म्हटलं, “तिथे ते तेहतीस वर्षांत गेलेले नाहीत. एकदाही नाही.”

तरी नकाशाबाहेरच्या जागांसाठी मी चार-पाच ओळींची वेगळी यादी केली. रेल्वे स्टेशन, बसस्टँड, आणखी काही. मुलीचं समाधान व्हावं म्हणून त्यात सरोजिनी नगर लिहिलं आणि त्याच्यासमोर शून्य टाइप केलं. 

दिवसभर नवरा चौकोन शोधत राहिला. एक संपला की फोन करायचा, “इथे नाहीत,” आणि मी तो आकडा भरायची. लाल रंग घराजवळून सरकत उत्तरेला गेला, मग पूर्वेला. पार्कात आम्ही दोनदा गेलो. बाबांनीच सांगितलं होतं ना, पाहिलेल्या जागेला पूर्ण सोडायचं नाही.

दुपारी मी स्वतः चौकात गेले. तिथे ई-रिक्षा उभ्या असतात. एकेकाला फोटो दाखवला. एका मध्यमवयीन भैयाने फोन हातात घेऊन नीट पाहिला.

“हाँ, कल सुबह आए थे ये. बोले, क्वार्टर चलोगे? मैंने पूछा, बाबूजी, कौन सा क्वार्टर? बोले, अरे वही, अपना. मेरी समझ में नहीं आया, तो मैंने मना कर दिया. फिर आगे निकल गए.”

“किधर?”

“ये ध्यान नहीं है, बहनजी.”

आमच्या पलीकडच्या सेक्टरमागे सरकारी क्वार्टरच्या इमारती आहेत. मी तिथे उभ्या उभ्याच फोनवरून मुलीला सांगितलं, त्या चौकोनाचा आकडा दहापट कर. तो चौकोन भडक लाल झाला असेल. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत त्या इमारतींचे जिने, गच्च्या, पाण्याच्या टाक्यांच्या मागच्या जागा पाहत होतो. बाबांना तीन दारांपलीकडचे शेजारी आठवत नव्हते, आणि ज्या क्वार्टरला ते ‘अपना’ म्हणाले असते असा त्यांच्या आयुष्यात एकच होता. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं, याबद्दल मला आता काही शंका नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास चौकीतून फोन आला. सरोजिनी नगरातल्या जुन्या क्वार्टरच्या चौकीदाराला बाबा एका जिन्याखाली पडलेले सापडले होते. वीस किलोमीटर ते कसे गेले, कुणी नेलं, पहिल्या रात्री कुठे होते, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

छातीत कफ भरला होता. हॉस्पिटलात नऊ दिवस होते. पहिले दोन दिवस त्यांना चांगली शुद्ध होती. त्यांनी मला ओळखलं आणि डोळ्यांनी जवळ बोलावलं.

“तू काऊन रडून राहिली?”

“दोन दिवस शोधत होतो आम्ही, बाबा.”

“कोणाले?”

मी म्हटलं, “तुम्हाला.”

त्यांना हे गमतीचं वाटलं. “मी तर घरीच होतो,” ते म्हणाले, आणि मुलीकडे वळून तिने जेवण केलं का ते विचारलं. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. नवव्या दिवशी दुपारी गेले. विहारातली माणसं आली, वंदना झाली, वर्ध्याहून काकांची दोन मुलं आली. घरात आठवडाभर माणसं होती. मग नवरा गोरखपूरला परत गेला आणि मुलीची परीक्षा तोंडावर आली.

महिन्याभराने मी पुन्हा वर्गात गेले. इतर पुढे गेले होते. त्या शिकवणाऱ्या मुलाने मला बघून आवाज खाली आणला आणि म्हणाला, आज थोडी उजळणी करू. मला ते सोपं जावं म्हणूनच म्हणाला असणार. फळ्यावर त्याने तीन शक्यता लिहिल्या आणि तिसरीसमोर शून्य मांडलं. “अब कितना भी सबूत ले आइए,” तो म्हणाला, “ज़ीरो को किसी से भी गुणा कीजिए, ज़ीरो ही रहेगा. इसलिए जब तक बात सचमुच नामुमकिन न हो, ज़ीरो मत दीजिए. थोड़ा सा छोड़ दीजिए.”

मी वही मिटून बाहेर आले. पॅसेजमध्ये पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिले. वर्ग सुटल्यावर तो माझ्याजवळ आला, आणि मी त्याला सगळं सांगितलं, शून्यासकट. तो म्हणाला, “मैम, ये चैप्टर मुझे पहले पढ़ाना चाहिए था.” त्याला असं वाटावं असा माझा हेतू नव्हता. मी तसं म्हटलंही. पण तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना अवघडतो, आणि मीही.

त्या रविवारी मी जुनी फाइल उघडली. शून्याच्या जागी अगदी लहान आकडा घातला आणि सगळा पुरावा पुन्हा क्रमाने भरला. हा चौकोन रिकामा, तो चौकोन रिकामा, मग रिक्षावाल्याचं बोलणं, या वेळी ‘अपना’ या शब्दासकट. सरोजिनी नगर शुक्रवारी दुपारीच यादीत सर्वांत वर आलं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथे पोचलो असतो. तिथली एक रात्र तरी वाचली असती. मग मी त्याहून लहान आकडा घातला, तेव्हा ते दुसऱ्या नंबरवर राहिलं. आणखी लहान घातला, तर पाचव्यावर. मी कितीतरी वेळा आकडे बदलून बघितले. मला एकच जाणून घ्यायचं होतं, की त्या सकाळी, शून्य टाइप केलं नसतं तर, प्रामाणिकपणे मी किती लिहिलं असतं. ते मला सांगता येईना. बाबा कुठे सापडले हे कळून चुकल्यावर, कळण्याआधी मला काय वाटत होतं तिथे परत जाता येत नाही. प्रोग्रॅमला पुन्हा पहिल्यापासून चालवता येतं, मला ते जमलं नाही.

मुलगी टेबलाशी येऊन बसली. पडद्यावर काय आहे ते तिने ओळखलं. मी इतके दिवस वाट पाहत होते, की ती कधीतरी म्हणेल, मी सांगितलं होतं. मीच तो विषय काढला. “तू म्हणाली होतीस.”

“मुझे भी पक्का थोड़ी पता था,” ती म्हणाली. “मैंने तो बस पूछा था.” मग खाली बघत म्हणाली, “मम्मी, दरवाज़े की कुंडी मैंने नहीं लगाई थी. छत पे फोन पे बात कर रही थी. बीस मिनट.”

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, ताठ बसून राहिली. मी तिला म्हटलं, वीस मिनिटं सगळेच फोनवर बोलतात. तिचा विश्वास बसला की नाही मला कळलं नाही.

परीक्षा संपल्यावर तीच म्हणाली, तिथे जाऊन येऊ. आम्ही गाडी करून गेलो. कानपूर रोडवरून आत वळल्यावर मला काहीच ओळखीचं दिसेना. क्वार्टर मात्र तिथेच होते, पिवळे, बहुतेक रिकामे, खिडक्यांची तावदानं गेलेली. चौकीदार साठीचा असेल. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्याने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. त्याने तो जिना दाखवला. आमच्या जुन्या घराच्या समोरचा होता.

“मुझसे बड़ी चूक हुई, बहनजी,” तो म्हणाला. “शाम को बैठे देखा था. मैंने सोचा, रोज की तरह थोड़ी देर में चले जाएँगे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “रोज की तरह?”

“रोज नहीं, मतलब, आते रहते थे. मैं यहाँ आठ साल से हूँ, तब से देख रहा हूँ. पहले महीने में एक-दो बार आते थे. बस से आते, यहीं बैठते, मेरे साथ चाय पीते, चले जाते. इधर डेढ़-दो साल से नहीं आए थे.”

“काही बोलायचे का?” मी मराठीत विचारलं, मग हिंदीत.

“घर का बताते थे. आपका बताते थे, कि बेटी बड़ी अफ़सर है.” तो ओशाळून हसला. “उस दिन पूछा, चाय लाऊँ? तो बोले, नहीं, अंदर बन रही है.”

घरी बाबा सांगत, पेन्शनवाल्या मित्रांकडे जाऊन येतो. महिन्यातून एक-दोनदा. मी कधी विचारलं नाही, कोण मित्र. तेहतीस वर्षांत तिथे न गेलेली मी होते. कानपूर रोड नको, असं बाबा ज्या ज्या वेळी म्हणाले, त्या प्रत्येक वेळी गाडीत मीही असायची.

मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. मीही थोडा वेळ बसले. समोरच्या दाराला कुलूप होतं, दारावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची पुसट अक्षरं. चौकीदाराने चहा आणला, आम्ही तो प्यालो आणि निघालो.

गाडीत मुलीने खिडकीबाहेर बघत विचारलं, “नानी कैसी थीं?”

हा प्रश्न तिने यापूर्वी विचारला नव्हता, किंवा विचारला असेल आणि मी दुसरं काही बोलले असेन. मी सांगायला लागले. आई गोरी नव्हती, उंच होती. वर्ध्याच्या शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली यायची. हिंदी बोलताना चुकायची आणि स्वतःच हसायची. भाकरी थापताना बांगड्या वर सरकवायची. थंडीत माझ्या वेण्या घालताना तिचे हात गार असायचे. एवढं सांगेपर्यंत आलमबाग आलं होतं, आणि माझ्याजवळचं सगळं सांगून संपलं होतं.